गॅसचं प्लॅस्टिक

तानाजी सरांना भौतिकशास्त्रातलं नेमकं काय येतं, हा बीडच्या त्यांच्या कॉलेजात कधीच चर्चेचा विषय झाला नाही. चर्चा व्हायची ती त्यांना कोण कोण ओळखतं याची. संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव नाना यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात सरांनी जेवणाच्या पंगती सांभाळल्या आणि त्याच वर्षी ते विभागप्रमुख झाले, असं कॉलेजचे शिपाई उघड सांगत. सरांच्या कानावर हे गेलं तरी ते रागावत नसत. पंगती त्यांनी खरोखरच चांगल्या सांभाळल्या होत्या.

शाईस्ता त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी आणि सर तिचे गाईड. शाळेत असताना गाईड म्हणजे दुकानात मिळणारं, आयत्या उत्तरांचं जाडजूड पुस्तक एवढंच तिला माहीत होतं. विद्यापीठात नाव नोंदवल्यावर कळलं, की इथं कारभार उलटा आहे. इथं गाईडच विद्यार्थ्याची उत्तरं उतरवून घेतो.

तिचं काम होतं गोठवलेल्या हायड्रोजनवर. हायड्रोजन हा सगळ्यात हलका वायू. तो गार करत करत इतका खाली नेला, की त्याच्यापुढे बर्फसुद्धा ऊबदार म्हणावा, म्हणजे त्याचा स्वच्छ स्फटिक जमतो. त्या स्फटिकाला ओढून धरलं तर तो हळूहळू लांबतो आणि सोडल्यावर मागे येत नाही. रबर ताणून सोडलं की पहिल्यासारखं होतं. भाकरीचं पीठ थापलं की थापलेलंच राहतं. या थापलेलं राहण्याला भौतिकशास्त्रात प्लॅस्टिक म्हणतात. बादलीच्या आणि पिशवीच्या प्लॅस्टिकशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढचा सगळा तमाशा ते न ऐकल्यामुळे झाला.

आता सरळ विचार केला तर वस्तू जितकी गार, तितकी ती ताठ व्हायला हवी. आतले कण उष्णतेच्या जोरावर मधल्या अडसरांवरून उड्या मारतात, म्हणून स्फटिक लांबतो. उष्णता काढून घेतली की उड्या बंद आणि लांबणंही बंद. पण हायड्रोजन असलं काही ऐकत नाही. जिथं उडी मारायला अंगात काही त्राणच उरत नाही, तिथंही तो आपल्या संथ चालीने लांबतच राहतो. अडसरावरून जाता येत नाही म्हटल्यावर त्याचे कण अडसरातून पलीकडे निघतात. माणसाला हे जमत नाही, कारण माणूस जड असतो. हायड्रोजनचा कण इतका हलका, की त्याला क्वांटमचे नियम लागू पडतात आणि ते नियम भिंतीला फारसं मानत नाहीत.

असले प्रयोग करायची सोय बीडला कुठून असणार? कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक फ्रिज होता, तो सरांच्या ताकासाठी. तो बिघडला की शाईस्ताचे अब्बा सत्तार येऊन दुरुस्त करून जात, कारण बसस्टँडच्या मागे त्यांचं फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. तेव्हा शाईस्ताने परदेशी प्रयोगशाळांनी छापलेली मोजमापं घेतली आणि गणित मांडलं. हायड्रोजनमध्ये त्याचाच जड भाऊबंद, ड्युटेरियम, चिमूटभर मिसळला तर अडसरातून निघण्याची ही चाल किती मंदावेल, याचं ते गणित. कित्येकदा चुकलं, कित्येकदा फाडलं. जुळलं त्या दिवशी ती थेट दुकानात गेली आणि हातात पाना धरलेल्या अब्बांना गदागदा हलवून आली. अब्बांना काही कळलं नाही, पण तेही हसले.

तिने लिहिलेला लेख सरांमार्फत परदेशातल्या नियतकालिकाकडे गेला आणि छापून आला. तो तिने कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा वर नाव एकच होतं, डॉ. तानाजींचं. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की आकडेमोडीत मदत केल्याबद्दल शाईस्ता यांचे आभार.

"सर, माझं नाव कुठंय?" तिने विचारलं.

"आभारात हाय की. लोकं तेवढंबी घालत न्हाईत."

"पन माझा सगळा प्रबंध ह्याच्यावरच हाय. आता म्या तो दिला तर विद्यापीठ म्हनंल, हिनं सरांचाच लेख चोरला."

सरांनी ताकाचा घोट घेतला. "मंग इषय बदल. अजून थोडी वर्षं. वय काय पळून चाललंय का तुझं?"

शाईस्ताला त्या क्षणी त्या माणसाचा मनापासून तिटकारा आला. राग आला असता तर एक वेळ बरं. रागावताना आपण समोरच्याला थोडी तरी किंमत देतो. पण करणार काय? तक्रार करायची तर ती संस्थेकडे, आणि संस्था म्हणजे नाना. प्रबंधावर सही लागणार ती सरांचीच. सरांवरून उडी मारून पलीकडे जायला लागते ती ऊब, म्हणजे ओळखपाळख, नात्यागोत्यातलं कोणी, यातलं तिच्याकडे काही नव्हतं.

सरांचं मात्र एवढ्याने भागलं नाही. प्राचार्यांची खुर्ची रिकामी झाली होती आणि कोणाला बसवायचं हे नानांच्या मनावर होतं. म्हणून सरांनी स्थानिक पेपरला बातमी धाडली: गोठवलेल्या वायूच्या स्फटिकातील प्लॅस्टिक विकृतीवर मौलिक संशोधन. वस्तू ताणल्यावर तिच्यात होणाऱ्या बदलाला पाठ्यपुस्तकात विकृती म्हणतात, तो शब्द सरांनी तसाच उचलला. वार्ताहराला विकृती हा शब्द पोलीस ठाण्याच्या बातम्यांतून माहीत होता. त्याने तो घाबरून काढून टाकला आणि उरलेल्या शब्दांची जमेल तशी सांगड घातली. दुसऱ्या दिवशी मथळा आला: 'गॅस गोठवून बनवले प्लॅस्टिक! बीडच्या प्राध्यापकाची किमया'.

सकाळीच नानांचा फोन आला. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. फोनवर उभं राहिलेलं नानांना दिसत नाही, हे एवढ्या वर्षांत त्यांना कोणी सांगितलं नसावं.

"सर, पेपरात आलंय ते खरं हाय का?" फोनचा आवाज इतका मोठा होता की समोर बसलेल्या शाईस्ताला सगळं ऐकू आलं. "गॅसचं प्लॅस्टिक हुतंय?"

"आं? हो नाना. म्हंजे तसंच म्हनायचं."

"आन् लई दिस दडवून कावून ठिवलं?"

"तुमच्या आशीर्वादानं झालं, नाना."

फोन ठेवल्यावर शाईस्ता म्हणाली, "सर, ह्याच्यात प्लॅस्टिक न्हाई. तुमी नानाला सांगा."

"सांगू की, येळ आल्यावर. मानसाला आनंद झालाय, तेवढ्यात कशाला इरजन घालायचं?"

वेळ आलीच नाही. आला तो सत्कार. दसरा तोंडावर होता. दिंद्रुडच्या बाहेर नानांचा एक माळ होता, तिथं मंडप पडला. प्रवेशाशी भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर सर्वात मोठे नाना, मग नानांचे चिरंजीव, मग फेटेवाले तानाजी सर, आणि खाली गॅसच्या सिलिंडरमधून बाहेर पडणारी एक लाल बादली. बादलीला कडीसुद्धा होती. शाईस्ताचा फोटो अर्थातच नव्हता. तिला नेलं होतं ते लॅपटॉप सांभाळायला आणि सर बोलतील तशी पडद्यावर चित्रं सरकवायला. प्रबंधाची प्रत तिने बॅगेत टाकली होती, कारण सर खुशीत असले की सही मागावी, अशी एक वेडी आशा अजून शिल्लक होती.

शिरूर कासारकडून टेम्पो भरभरून बायका-माणसं आणली होती. ऊन रणरणत होतं. मंडपाचं कापड व्यासपीठावर दुहेरी आणि लोकांच्या डोक्यावर विरळ होतं. सरांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. सरांच्या चेहऱ्यावर प्राचार्यपदाचं तेज आत्ताच चढलं होतं.

नाना माइकपुढे आले. "मंडळी, ह्या माळावर कुसळाबिगर काय उगवत न्हाई. आता हितं गॅस येईल, गोठंल, आन् त्याचं प्लॅस्टिक हुईल! बादल्या, पाइप, खुर्च्या, सगळं हितलं. आपल्या बायाबापड्यांला कोयता घिऊन ऊस तोडायला कर्नाटकात जायची गरज न्हाई. आन् हे म्या म्हनत न्हाई, सर म्हनत्यात. परदेशात छापून आलंय. त्याच्यावर एकट्याचं नाव हाय, एकट्याचं!"

एकट्याचं या शब्दावर सरांनी फेटा सावरला.

"म्हनून म्या ठरीवलंय," नाना पुढे म्हणाले, "कारखाना उभा ऱ्हाईपतूर सर हितंच ऱ्हातील, ह्या माळावर. प्राचार्य काय, कुनीबी हुईल. ती खुर्ची म्या आमच्या व्याह्याच्या पोराला दिली. पन प्लॅस्टिक काढायला सरच पाहिजेत. येत्या दिवाळीला पैली बादली न्हाई निघाली, तर सरांला इचारा!"

टाळ्या पडल्या. सरांच्या चेहऱ्यावरचं तेज उतरलं ते थेट नारळात गेलं असावं, कारण ते नारळाकडेच बघत बसले. शाईस्ताला हसू आवरेना. तिने लॅपटॉपमागे तोंड लपवलं. इतक्या दिवसांत तिला एवढं बरं वाटलं नव्हतं.

मग समोरच्या बायकांतून एक उठून उभी राहिली. पदर डोक्यावरून ओढलेला, हात उन्हाने काळवंडलेले. शेजारणीने तिला खाली ओढलं तरी ती बसली नाही. "म्या छबुबाई, शिरूरकडची," ती म्हणाली. "सर, येक इचारते. ऊसतोडीचा मुकादम दारात यिऊन बसलाय. आवंदा त्याला हो म्हनू का न्हाई म्हनू? तुमच्या कारखान्याचं खरं आसंल तर म्या न्हाई म्हनते."

 सरांना माइकशी यावंच लागलं.

"त्याचं कसं हाय मावशी," सर म्हणाले, "संशोधन म्हंजे लांब पल्ल्याची गोष्ट. त्याच्यात बरेच टप्पे असत्यात."

"हो का न्हाई, तेवढंच सांगा."

सरांनी इकडे तिकडे पाहिलं. नाना बघत होते. मोबाइलवर चित्रीकरण करणारी पोरं बघत होती. अखेर सरांची नजर लॅपटॉपपाशी आली. "ही आमची विद्यार्थिनी, शाईस्ता. आकडेमोड हिनंच केलीय. ही सांगंल."

शाईस्ता माइकशी गेली. खरं काय ते तिला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण सर बाजूलाच उभे होते, तिच्या इतक्या वर्षांच्या कामाचा फेटा डोक्यावर बांधून, आणि तिला मोह आवरला नाही.

"म्या काय सांगनार? काम सरांचं हाय," ती म्हणाली. "नाव सरांचं एकट्याचं हाय, नानांनी आत्ताच सांगितलं. म्या निस्ती मदत केली. त्याचे सरांनी आभारबी मानलेत."

सर तिच्या कानाशी आले. "अगं सांगून टाक की, ह्याच्यात प्लॅस्टिक नसतंय म्हनून!"

ते कानाशी आले होते तसे माइकशीही आले होते. चारही कर्ण्यांतून ते वाक्य माळभर गेलं.

"काय म्हनला?" नाना उठले. "नसतंय?"

सरांच्या फेट्याचं टोक सुटून खांद्यावर आलं. "नाना, तुमची शपथ, ह्याच्यातलं मला काय बी कळत न्हाई. हे काम माझं न्हाईच. सुरुवातीपासनं शेवटापर्यंत हिचं हाय. गणित हिचं, लिव्हनं हिचं. म्या निस्तं नाव लावलं. काय इचारायचं ते हिला इचारा!"

हेच वाक्य ऐकायला शाईस्ता किती दिवस तळमळली होती. सरांनी ते असं, चोरीचा माल पोलिसांपुढे टाकावा तसं तिच्यापुढे टाकलं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण समोर छबुबाई अजून उभीच होती. हो का नाही, एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढं कोणी तिला अजून सांगितलं नव्हतं. शाईस्तानेसुद्धा नाही. तिला आपल्या मघाच्या हसण्याची लाज वाटली.

"मावशी," ती म्हणाली, "हे बादलीचं प्लॅस्टिक न्हाई. गोठवलेला गॅस ओढला की लांब हुतो आन् परत येत न्हाई, त्याला पुस्तकात प्लॅस्टिक म्हनत्यात. शब्द तेवढा सारखा हाय. ह्याच्यातनं कारखाना व्हनार न्हाई. तुमी मुकादमाला हो म्हना."



छबुबाईने ते ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. "मंग यवढ्या उन्हात आमाला बसीवलं कावून?" तिने विचारलं.

 छबुबाईने चप्पल शोधून पायात घातली आणि ती टेम्पोकडे निघाली. तिच्यामागे बाकीच्या बायकाही उठल्या. सत्काराला जेवण ठेवलं होतं, तेही काहींनी घेतलं नाही.

नाना सरांकडे वळले. "आन् तू फोनवर हो हो कावून म्हनलास बे?" सकाळपासूनचे सर दुपारी बे झाले, आणि ऐकायला निम्मं गाव होतं.

मग नाना शाईस्ताला म्हणाले, "पोरी, प्लॅस्टिक न्हाई तर न्हाई. पन मंग ह्याचा उपेग तरी काय?"

"आज तरी काहीच न्हाई, नाना."

"काहीच न्हाई? आन् परदेशात छापत्यात?"

"छापत्यात."

नानांच्या हाताखालून आजवर रस्ते, बंधारे, शाळा गेल्या होत्या. त्यांतल्या काही कागदावरच होत्या, पण कागदावर का होईना त्यांचा उपयोग तरी सांगता येत होता. जिचा कोणालाच उपयोग नाही आणि तरीही जी खरी आहे, अशी गोष्ट त्यांच्या पाहण्यात आली नव्हती. ते मनापासून गोंधळले.

हीच वेळ होती. शाईस्ताने आवाज शांत ठेवला. "नाना, उद्या पेपरवाले इचारनार, हे बादलीचं प्रकरन कुनाचं? लेखावर सरांचं नाव हाय. सर तुमच्या संस्थेचे. म्हंजे बोट संस्थेकडंच यील."

भौतिकशास्त्र नानांना कळत नसेल, पण हे त्यांना एका श्वासात कळलं. "काढ बे तुझं नाव त्याच्यावरनं!" ते सरांवर कडाडले. "आत्ताच्या आत्ता लिव त्या परदेशवाल्यांला!"

सरांना सांगायचीही गरज नव्हती. ज्या नावासाठी त्यांनी एका पोरीची वर्षं गिळली, ते नाव पुसायची आता त्यांनाच घाई झाली होती. मंडपाच्या खांबाशी बसून त्यांनी मोबाइलवर संपादकांना इंग्रजीत लिहिलं: हे संशोधन संपूर्णपणे शाईस्ता यांचे असून माझा त्यात काहीही वाटा नाही. अवघड शब्दांची स्पेलिंग शाईस्तानेच सांगितली. लगेच तिने बॅगेतून प्रबंध काढला. त्यावरही सरांनी सही ठोकली, वाचायला न थांबता. आजवर तरी त्यांनी कुठं काय वाचलं होतं?

संध्याकाळी ती बीडला परतली तेव्हा सत्तार एका फ्रिजचं मागचं झाकण उघडून बसले होते. घरची बोली दख्खनी; तीत नको म्हणजे नकोच, आणि हवं म्हणजे होना. त्यांनी मान वर न करता विचारलं, "क्या बोले नाना?"

"बोले, कुछ काम का नहीं."

"और तेरे सर?"

"सर बोले, मेरा नहीं. लिखकेच दिए."

सत्तारनी पाना खाली ठेवला आणि थोडा विचार केला. "मतलब किसीकोच नको?"

"किसीकोच नको."

"तो फिर तेराच हुआ ना."

शाईस्ता हसली. दिवसभरात पहिल्यांदाच मोकळं हसली, आणि स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसली. दुकानाबाहेर, रस्त्याच्या कडेला एक लाल बादली भरून ठेवली होती. तिच्याकडे बघता बघता तिचं हसू ओसरलं.

"एक बाई को होना था, अब्बा," ती म्हणाली. "पर उसको बाल्टीवाला होना था."